बसेंजी : घरातल्या सवयी, रानातला इतिहास

बसेंजी पाळणारी माणसं एकत्र जमली की काही गोष्टी बोलण्यात हटकून येतात. हा कुत्रा इतर कुत्र्यांसारखा भुंकत नाही; घरचं माणूस दारात आलं की घशातून चढउतारांचा एक लांब सूर काढतो. पंजा चाटून त्याने तोंड पुसतो, अंग इतकं स्वच्छ ठेवतो की कुत्र्याचा वास जवळजवळ येतच नाही. खिडकीतलं ऊन सरकेल तसा तोही सरकत जातो, आणि पाऊस लागला की उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला राजी नसतो. कुंपण उंच केलं तर त्यावर चढून जातो. हाक मारली तर ऐकतो, वळून पाहतो, आणि मग यायचं की नाही ते स्वतः ठरवतो. मादी वर्षातून एकदाच माजावर येते. या सगळ्याकडे लाडाने खोड्या म्हणून पाहिलं जातं. माझं म्हणणं असं की या खोड्या ही इतिहासाची साधनं आहेत. ज्या प्राण्याबद्दल गेल्या दीडशे वर्षांपलीकडचा लेखी पुरावा नाहीच म्हटलं तरी चालेल, त्याचा भूतकाळ त्याच्या वागण्यातूनच वाचावा लागतो. पण बखर जशी पारखून वाचावी लागते तशाच या सवयीही पारखाव्या लागतात, कारण त्या सगळ्या एका काळातल्या नाहीत. काही सवयी गावाच्या कडेने राहिलेल्या जगभरच्या कुत्र्यांशी बसेंजीला जोडतात, काही काँगोच्या खोऱ्यातल्या शिकारीतून आल्या आहेत, आणि काही गोष्टी तर गेल्या शंभर वर्षांत युरोप-अमेरिकेत पोचलेल्या मूठभर कुत्र्यांचा वारसा आहेत. हे तीन थर वेगळे केले की या कुत्र्याबरोबर घर करणं म्हणजे नेमकं काय, ते कळतं.

आधी शिकारीचा थर घेऊ, कारण त्याचे पुरावे सर्वांत ठळक आहेत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्वाइनफुर्ट १८६८ ते १८७१ या काळात मध्य आफ्रिकेत फिरला. आज दक्षिण सुदान आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवर पसरलेला अझांदे लोकांचा मुलूख त्याने पाहिला आणि तिथल्या लहानखुऱ्या कुत्र्यांचं वर्णन केलं : आखूड गुळगुळीत केस, उभे मोठे कान, घट्ट वळलेली शेपटी. त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा असत, उंच गवतात कुत्रा हरवू नये म्हणून. ही घंटा नीट पाहण्यासारखी वस्तू आहे. लाकडाचा एक तुकडा आतून पोखरायचा, पोकळीत लाकडाचेच लोळे लोंबकळते ठेवायचे आणि दोरीने ती कुत्र्याच्या गळ्यात बांधायची. धातूच्या घंटेसारखा तिचा नाद लांबत नाही. कुत्रा पळू लागला की कोरडा, बोथट खडखडाट होतो. शिकार सांघिक असे. एका बाजूला वाघर लावून माणसं दबा धरून बसत, दुसऱ्या बाजूने हाकारे येत आणि मधल्या दाट झाडीत कुत्रे ड्युकर जातीच्या लहान हरणांना उठवून वाघरीकडे रेटत. जेमतेम दहा-अकरा किलो वजनाचं, साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर उंचीचं हे जनावर त्या झाडीतून सहज वाट काढतं. गवत डोक्यावर गेलं की ते जागच्या जागी उंच उडी मारून पलीकडे पाहतं.

या कामात कुत्र्याकडून काय अपेक्षित होतं ते पाहिलं की घरातल्या तक्रारींचा अर्थ बदलतो. मेंढपाळाचा कुत्रा धन्याकडे पाहत काम करतो. शिट्टी वाजली की डावीकडे, हात हलला की उजवीकडे. बंदूकवाल्या शिकाऱ्याचा स्पॅनियल पडलेला पक्षी उचलून हातात आणून देतो. अझांदे शिकाऱ्याला झाडीत शिरलेला आपला कुत्रा दिसतच नव्हता. हरीण कोणत्या बाजूला वळलं, कुठे आडवं जायचं, कधी थांबायचं हे कुत्र्यानेच ठरवायचं होतं. क्षणोक्षणी हुकमाची वाट पाहणारं जनावर तिथे कुचकामी ठरलं असतं. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेला कुत्रा बैठकीच्या खोलीत ‘ये’ म्हटल्यावर विचार करायला थांबतो, यात नवल नाही. यावर एक आक्षेप नेहमी पुढे येतो. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांची मतं गोळा करून ७९ क्रमांकांची एक यादी केली, आणि तीत बसेंजी शेवटून दुसरा, ७८ वा आला. मग त्याला स्वतंत्र बुद्धीचा म्हणणं ही पाळणाऱ्यांची मनाची समजूत नाही का? ती यादी खोटी नाही, पण तिने मोजलं आहे ते सांगितलेलं काम किती लवकर आणि किती वेळा केलं, एवढंच. कडी कशी उघडते हे एकदा पाहून लक्षात ठेवणं, कपाट कोण कधी उघडं टाकतं याचा माग ठेवणं, कुंपणाची कच्ची जागा हेरणं, या गोष्टींना त्या मोजमापात जागाच नाही. बसेंजीच्या घरी कचऱ्याचा डबा झाकणबंद आणि चपला उंचावर ठेवाव्या लागतात, त्या या न मोजलेल्या बुद्धीमुळे.

आता सर्वांत प्रसिद्ध गोष्ट, न भुंकणं. तिचं प्रचलित स्पष्टीकरण असं की सावजाला चाहूल लागू नये म्हणून शिकाऱ्यांनी मुद्दाम गप्प कुत्रे निवडले. ऐकायला हे पटतं, पण गळ्यातली लाकडी घंटा त्याच्या आड येते. कुत्र्याचं मौन हाच शिकारीचा फायदा असता, तर त्या मौनाला खडखडणारी घंटा बांधण्याचं कारण काय? घंटा सांगते ते उलटंच : कुत्रा आवाज देत नाही ही शिकाऱ्याची अडचण होती आणि घंटा हा तिच्यावरचा तोडगा होता. मग मौन आलं कुठून? ऑस्ट्रेलियाचा डिंगो क्वचितच भुंकतो, आणि न्यू गिनीचा गाणारा कुत्रा तर सूर लावण्यासाठीच ओळखला जातो. यांतल्या कोणीही काँगोच्या वाघरीवर शिकार केलेली नाही. म्हणजे कमी भुंकणं ही शिकारीची खास कमाई नसून, माणसाजवळ राहिलेल्या पण ज्यांचं प्रजनन माणसाने फारसं हातात घेतलं नाही अशा काही कुत्र्यांत आढळणारी गोष्ट आहे. सतत भुंकणं हेच बहुधा राखणीसाठी आणि इशाऱ्यासाठी माणसाने वाढवत नेलेलं वैशिष्ट्य असावं. या तर्काला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घ संशोधन केलं, ते १९६५ मध्ये ग्रंथरूपात आलं, आणि त्या पाचांत बसेंजी होता. त्यांना दिसलं की बसेंजी मुका नाही. फार उत्तेजित झाला तर तोही भुंकतो, पण एकदोनदाच. कॉकर स्पॅनियल मात्र सुरू झाला की थांबत नाही. भुंकण्यासाठी लागणारी चेतना बसेंजीत बरीच वरच्या पातळीवर आहे, एवढाच फरक. घरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही : गुरगुरणं, कण्हणं, कर्कश किंचाळी आणि आनंदाचा तो घोळवलेला सूर, असा त्याचा आवाजाचा संसार भरपूर मोठा आहे. शेजारी त्रासू नयेत म्हणून गप्प कुत्रा आणला आणि एकटा ठेवल्यावर त्याच्या किंचाळ्यांनी चाळ जागी झाली, असं होऊ शकतं ते यामुळेच.

मादी वर्षातून एकदाच माजावर येते, ही गोष्ट मराठी वाचकाला अजिबात अनोळखी नाही. आपल्याकडे भादवा आणि कुत्र्यांचा माज यांची सांगड बोलीत इतकी पक्की बसली आहे की वेगळं सांगायची गरज नाही. पावसाळा सरताना गावातली कुत्री माजावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर पिल्लं होतात, हे पाहतच आपण वाढतो. बसेंजीचा काळही हाच, शरद ऋतूतल्या संपाताच्या आसपास. बहुतेक विलायती जातींच्या माद्या मात्र वर्षातून साधारण दोनदा माजावर येतात. फुलरने १९५६ मध्ये दाखवून दिलं की बसेंजीचा हा काळ दिवसाच्या लांबीशी जोडलेला आहे आणि कृत्रिम प्रकाश बदलून तो हलवता येतो. इथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अझांदे मुलूख विषुववृत्तापासून चार-पाच अंशांवर आहे, आणि तिथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत फरक अर्ध्या तासाच्या आसपासचा. दिवसाच्या लांबीवर चालणारं हे घड्याळ त्याच जंगलात घडलं असेल, असं मानणं कठीण जातं. त्याहून सरळ अनुमान हे की ही जुनी, अनेक भागांतल्या गावकुत्र्यांत आढळणारी रीत आहे आणि बसेंजीने ती टिकवली. हे अनुमानच आहे, पण त्यामुळे एक मोलाची गोष्ट हाती लागते : लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या घरात जे विचित्र वाटतं, ते सातारा-सांगलीच्या वेशीवर रोजचं आहे. बसेंजीची पुष्कळशी खासियत म्हणजे साध्या गावठी कुत्र्याचंच कुत्रेपण आहे. विलायती जातींच्या सवयीने पाहणाऱ्यांना तेच नवल वाटलं.

हे मान्य करणं अनेकांना जड जातं, कारण बसेंजीभोवती दुसरीच एक कथा विणली गेली आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन चित्रांत उभ्या कानांचे, वळलेल्या शेपटीचे कुत्रे दिसतात; त्यावरून हा फेअरोंच्या दरबारातला, जगातला सर्वांत जुना आणि अजिबात न बदललेला कुत्रा असल्याचं सांगितलं जातं. जनुकशास्त्रानेही या कथेला हातभार लावला. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ८५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात बसेंजी युरोपीय जातींपासून फार वेगळ्या निघालेल्या थोड्या जातींत होता. पण वेगळा असणं म्हणजे जुना असणं नव्हे. ग्रेगर लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला : ज्या जाती जनुकीयदृष्ट्या वेगळ्या उठून दिसतात त्या इतरांपासून भौगोलिकदृष्ट्या लांब राहिल्या, म्हणून त्यांत अलीकडची मिसळ कमी झाली. त्यावरून त्यांचं वय ठरत नाही. चित्रांचंही तसंच. वळलेली शेपटी आणि उभे कान जगभरच्या गावकुत्र्यांत आहेत; तेवढ्यावरून वंशावळ जोडायची तर आपल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही फेअरोच्या पंगतीला बसवावं लागेल. खात्रीचा पुरावा वेगळाच आहे आणि मला तो अधिक सुंदर वाटतो. २००९ मध्ये इजिप्त, युगांडा आणि नामिबिया इथल्या ३१८ गावकुत्र्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. आफ्रिकेशी नाव जोडलेला फेअरो हाउंड त्यात आफ्रिकी निघाला नाही, ऱ्होडेशियन रिजबॅकमध्येही मोठा वाटा बाहेरचा निघाला, पण बसेंजी आफ्रिकेच्या देशी कुत्र्यांच्या गटात जाऊन बसला. तो राजवाड्यातून आला हे सिद्ध होत नाही. तो आफ्रिकेतल्या गावांचा आहे, हे मात्र पक्कं होतं.

तिसरा थर हा त्याच्या परदेशी घरांचा, आणि तो फार वेदनेने घडला आहे. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात या जातीची जोडी दाखवली गेली, आणि थोड्याच काळात ते कुत्रे डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने दगावले. १९२३ मध्ये लेडी हेलन नटिंग यांनी सुदानमधून सहा कुत्रे आणले. विलग ठेवण्याची मुदत संपल्यावर डिस्टेंपरची तेव्हा प्रायोगिक अवस्थेत असलेली लस टोचली आणि त्यातच ते सगळे गेले. गावाबाहेर न पडलेल्या कुत्र्यांना युरोपातल्या रोगांशी सामना करण्याची ताकद नव्हती. लेडलॉ आणि डंकिन यांच्या संशोधनातून १९२० च्या दशकाच्या अखेरीस अधिक भरवशाची लस आली आणि चित्र हळूहळू बदललं. ऑलिव्हिया बर्न यांचे बसेंजी जगले, त्यांना पिल्लं झाली आणि १९३७ च्या क्रफ्ट्समध्ये ती पाहायला लोकांनी गर्दी केली. त्याच वर्षी अमेरिकेत गेलेल्या कुत्र्यांपैकी बॉइस नावाचा एक नर तेवढा डिस्टेंपरमधून वाचला. पुढे १९४१ मध्ये आफ्रिकेतून बॉस्टनला आलेल्या मालवाहू जहाजाच्या तळघरात कॉफीच्या पोत्यांमध्ये हाडांचा सापळा झालेली एक मादी सापडली. तिचं नाव काँगो ठेवलं गेलं आणि बॉइसशी तिची जोडी लागली. १९४३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. इंग्लंडमध्ये व्हेरोनिका ट्यूडर-विल्यम्स यांनी महायुद्धाच्या टंचाईतही आपले कुत्रे जगवले आणि १९५९ मध्ये दक्षिण सुदानात जाऊन फुला नावाची मादी आणली. त्यांच्याकडच्याच एका बसेंजीने १९५६ च्या ‘गुडबाय, माय लेडी’ या चित्रपटात काम केलं आणि न भुंकणारा कुत्रा अमेरिकेतल्या घराघरांत ठाऊक झाला.

इतक्या थोड्या कुत्र्यांवर एक अख्खी जात उभी राहिली याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. आधी रक्ताच्या तांबड्या पेशी फुटून होणारा आनुवंशिक पंडुरोग पसरला; तो चाचण्या करून आटोक्यात आणला गेला. मग फँकोनी सिंड्रोम आला. या विकारात मूत्रपिंडं साखर, अमिनो आम्लं आणि क्षार परत शोषून घेऊ शकत नाहीत, ते लघवीवाटे वाहून जातात. कुत्रा सारखं पाणी पितो, खंगतो आणि उपचार झाले नाहीत तर मरतो. ज्या घरांत जाणते पाळणारे होते तिथे एक नवी रीत पडली : महिन्याकाठी बागेत कुत्र्यामागे उभं राहून, मधुमेहींसाठी मिळणारी कागदी पट्टी त्याच्या लघवीच्या धारेखाली धरायची आणि तिचा रंग बदलतो का ते पाहायचं. बसेंजीच्या घरातला हाही रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि त्याचा उगम जंगलात नाही, १९३० आणि ४० च्या दशकांतल्या त्या मोजक्या जोड्यांत आहे. यावर उपाय शोधताना लोक पुन्हा मूळ मुलखाकडे वळले. १९८७ आणि १९८८ मध्ये अमेरिकी पाळणाऱ्यांनी तेव्हाच्या झाईरच्या ईशान्य भागातून गावांतले कुत्रे आणले, आणि १९९० मध्ये केनेल क्लबने बंद असलेली वंशनोंदवही त्यांच्यासाठी उघडली. जातीत वाघासारख्या पट्ट्यांचा रंग आला तो याच कुत्र्यांमुळे. फँकोनीसाठी मिसुरी विद्यापीठातून २००७ मध्ये जनुकीय खुणांवरची आणि २०११ मध्ये थेट चाचणी मिळाली, आणि पिल्लं काढण्याआधीच रोगवाहक जोड्या टाळणं शक्य झालं.

यावर एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणं योग्य नाही. वसाहतींच्या काळात दुसऱ्याच्या मुलखातून उचलून आणलेला, झाडीत धावण्यासाठी घडलेला प्राणी दिवाणखान्यात कोंडून त्याच्या धडपडीला गोड खोड्या म्हणणं, हा अन्याय नाही का? प्रश्नाचा पहिला भाग खरा आहे. जातीच्या इतिहासात आणणाऱ्या बायकांची आणि पुरुषांची नावं जपली गेली, पण ज्या अझांदे शिकाऱ्यांनी हे कुत्रे घडवले त्यांच्यापैकी कोणाचं नाव त्यात नाही. ही उणीव भरून निघणारी नाही, म्हणून ती निदान सांगत राहायला हवी. दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कुत्रा माणसाच्या सोबतीनेच घडला आहे. अझांदे गावातही तो माणसाच्या घराभोवती राहत होता आणि चुलीच्या उबेला बसत होता. खिडकीच्या उन्हाची त्याची ओढ त्यामुळे तुटक वाटत नाही. अन्याय होतो तो त्याला घरात ठेवल्याने नाही, त्याच्या कामाची भूक न ओळखल्याने. दिवसभर एकटा कोंडला आणि संध्याकाळी उशा फाटलेल्या मिळाल्या तर दोष त्याच्या वंशाचा नसतो. रोज मनसोक्त धावणं, वास घेत फिरणं, मोकळा सोडायचा तर भक्कम कुंपणाच्या आतच सोडणं, आणि शिकवताना दटावण्यापेक्षा त्याला फायदा दिसेल अशी गोष्ट पुढे करणं, हे त्याचं देणं आहे.

प्रत्येक सवयीला इतिहास चिकटवण्याचा मोहही आवरायला हवा. पावसाचा तिटकारा हे त्याचं उत्तम उदाहरण. हा कुत्रा जगातल्या अतिशय पावसाळी प्रदेशांपैकी एकातला, त्यामुळे पावसाच्या नावडीला शिकारीची एखादी सुरस गोष्ट जोडणं पुराव्याच्या विरुद्ध जाईल; आखूड केसांच्या सडसडीत कुत्र्याला गारठा सोसत नाही, इतकं साधं उत्तर पुरेसं आहे. इतिहासाने सगळं सांगावं असा आग्रह धरला की तो काहीच धड सांगत नाही. पण जिथे पुरावा बोलतो तिथे तो नीट ऐकला, तर तीन थरांची तीन कर्तव्यं समोर येतात. बसेंजीतला गावकुत्रा आपल्याला शिकवतो की भादव्यात माजावर येणारा, स्वतःच्या पायांवर उभा असलेला आपला गावठी कुत्राही तितक्याच आदराचा धनी आहे. त्याच्यातला शिकारी सांगतो की आज्ञा आणि बुद्धी एकच मानू नका. आणि त्याच्यातला आजारांनी पोळलेला वंश सांगतो की पिल्लू घेण्याआधी चाचणीचा कागद पाहा, वंशनोंदवह्यांची दारं आफ्रिकेतल्या कुत्र्यांसाठी उघडी राहू द्या. बसेंजीबरोबर राहण्याचा आनंद यातूनच येतो. त्याने आपल्याजवळ येणं हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो, आणि ज्याला नकार देता येतो त्याच्याकडून मिळालेल्या सोबतीचं मोल हुकमाने मिळवलेल्या सोबतीपेक्षा नेहमीच जास्त असतं.